चेरी पाय: करंजीच्या उलट्या वाटेनं

"आज पाय करणार आहे," असं मी सकाळी सांगितलं, तर आत्ती म्हणाल्या, "बोकडाचे का? मग मोठा कुकर काढ." आमच्या कोल्हापुरात या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. चेरीचं सारण भरून भाजलेली एक गोड वस्तू असते, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे भाजलेली करंजीच की! त्यात काय शिकायचंय?"

त्या निम्म्या बरोबर होत्या. पारी, सारण, मुरड हे पायातही आहे. पण पारीची पद्धत करंजीच्या बरोबर उलटी, आणि तेच कळायला मला तीन पाय बिघडवावे लागले.

हे वेड लागलं 'ट्विन पीक्स'मुळं. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातलं झाडीतलं छोटं गाव, लॉरा पामर नावाच्या मुलीचा खून, आणि तपासाला आलेला एफबीआयचा डेल कूपर. एवढ्या भीषण प्रकरणात हा माणूस डबल आर डायनरमध्ये बसून काळी कॉफी आणि चेरी पाय असा चवीनं खातो की, खुनी कोण हे बाजूला राहतं आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतं. ज्या हॉटेलात ते चित्रीकरण झालं ते नॉर्थ बेंड गावात आजही चालू आहे. नाव आता ट्वीड्स कॅफे. लोक तिथं मुद्दाम पाय खायला जातात. मला काही ते जमणार नव्हतं, म्हणून राजारामपुरीतल्या घरी ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, लावला. खाली दिलेली कृती मालिकेतली नव्हे. अमेरिकी घरांतली सर्वसाधारण पद्धत आपल्या हवेला आणि आपल्या चेरीला जुळवून घेतलेली आहे.

आधी चेरीचं बोलू

पायासाठी अमेरिकेत नावाजलेली चेरी आंबट असते. मॉन्टमोरेन्सी ही तिची प्रसिद्ध जात, आणि मिशिगन राज्य तिच्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडं मे-जूनमध्ये काश्मीर आणि हिमाचलातून जी चेरी येते ती गोड जातीची. काश्मिरी 'मिश्री' तर नावाप्रमाणं खडीसाखर. खायला झकास, पण तशीच पायात घातली तर सारण नुसतं गुळचट लागतं, दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. बरं, मालिका घडते त्या वॉशिंग्टन राज्यातही बागा मुख्यतः गोड चेरीच्याच आहेत. तेव्हा गोड चेरीचा पाय करणं म्हणजे काही भ्रष्टाचार नाही. आंबटपणा तेवढा आपण बाहेरून आणायचा.

तो आणण्याचा सोपा मार्ग लिंबू. पण चेरी बाजारात येते तेव्हा राधानगरी, गगनबावड्याकडची करवंदंही संपत आलेली असतात, संपलेली नसतात. रस्त्याकडेला बायका द्रोणात घेऊन बसतात ती काळी, पिकलेली. मूठभर करवंदांचा गर चेरीत मिसळला की आंबट, किंचित तुरट अशी धार येते. रंगही काळपट लाल, जांभळ्याकडं झुकणारा सुरेख येतो. शिवाय करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळं सारण आपसूक घट्ट व्हायला मदत होते. आणि गंमत बघा, केकवर बसणारी ती लालभडक 'चेरी' बहुतेक वेळा करवंदच असते. कच्चं करवंद बी काढून, रंगवून, पाकात मुरवलेलं. आयुष्यभर करवंद चेरी म्हणून खाल्लंय, आता उघडपणे चेरीबरोबर घालायला लाजायचं कशाला?

ती बाटलीतली पाकवलेली चेरी मात्र पायात नको. रंग सुटतो, चव फक्त साखरेची. हंगाम नसेल तर गोठवलेली चेरी आणा, ती चालते.

चेरीचा एक किलोचा डबा घ्या. डबा वरून छान दिसतो, खालची फळं पिचलेली असू शकतात, दुकानदाराला म्हणावं, "दादा, उघडून दाखवा की." देठ हिरवे आणि ताठ असतील तर फळ ताजं.

बिया

बिया काढायचं यंत्र मिळतं, माझ्याकडं नाही. काचेची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्यायची, तोंडावर चेरी देठाची बाजू वर करून ठेवायची आणि लस्सीच्या स्टीलच्या स्ट्रॉनं वरून दाबायचं. बी टप्पकन बाटलीत पडते, चेरी तोंडावर शाबूत राहते. किलोभर चेरीला पाऊण तास लागतो. जुना गाऊन घाला, डाग जात नाहीत. बिया मोजत बसू नका, पण प्रत्येक चेरी चिमटीत दाबून बघा. माझ्या दुसऱ्या पायात एक बी राहिली आणि ती नेमकी पाहुण्यांच्या दाताखाली आली.

किलोतून साडेआठशे ग्रॅमच्या आसपास गर मिळतो. बिया फोडू नका, टाकून द्या. त्यांच्या आतल्या गरात बदामाचा वास असतो खरा, पण तो ज्या द्रव्यापासून येतो त्यातूनच सायनाइड सुटतं. तो वास हवा असेल तर बदामाचा इसेन्स पाव छोटा चमचा घाला. चेरीची चव त्यानं एकदम उठते. पाव म्हणजे पावच. जास्त झाला तर खोकल्याच्या औषधासारखं लागतं.

सारण

१५० ग्रॅम करवंदं धुऊन दोन-तीन चमचे पाण्यात झाकण ठेवून शिजवा, फुटली की गाळणीवर चमच्यानं घासून गर काढा. बिया आणि सालं वर राहतात. करवंदं नसतील तर ही पायरी सोडा.

चेरीत १२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून तासभर ठेवा. भांड्यात तळाला लालजर्द रस साठेल. तो सगळा निथळून पातेलीत घ्या. रसातले चार चमचे वाटीत गार करून त्यात कॉर्नफ्लोअर कालवा: करवंदाचा गर घालणार असाल तर ३० ग्रॅम, नुसती चेरी असेल तर ३५, म्हणजे साधारण साडेचार मोठे चमचे. उरलेला रस मंद आचेवर ठेवून त्यात ही पेस्ट ओता आणि हात न थांबवता ढवळा. आधी ते दुधाळ, गढूळ दिसेल. मग बुडबुडे येऊन अचानक काचेसारखं पारदर्शक होईल. तेव्हा गॅस बंद. मगच करवंदाचा गर आणि अर्धं लिंबू (करवंदाशिवाय असेल तर पूर्ण लिंबू) पिळा. आंबट आधी घालून उकळत ठेवलं तर कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा उतरतो. शेवटी चेरी आणि इसेन्स. चाखून बघा. जिभेच्या कडांना आंबट जाणवलं पाहिजे.

आता हे सारण पूर्ण गार करायचं, कोमट सुद्धा चालणार नाही. आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवणं सगळ्यात बरं.

पारी, म्हणजे खरी परीक्षा

करंजीला, शंकरपाळ्याला आपण काय करतो? कडकडीत मोहन घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून करंजी खुसखुशीत होते. पहिल्या वेळी मी हाताच्या सवयीनं बटर वितळवूनच घातलं. पारी झाली छान, पण नानकटाईसारखी भुगा होणारी. पायाची पारी पापुद्र्यांची हवी, खारीच्या जवळ जाणारी. त्यासाठी बटर पिठात *मिसळायचं नाही*, त्याचे तुकडे तुकडे म्हणूनच राहू द्यायचे. भट्टीत गेल्यावर तो तुकडा वितळतो, बटरातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. म्हणून तूप चालत नाही. तुपात पाणीच नसतं. घरचं लोणी चालेल का, असं आत्तींनी विचारलं होतं. गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधाचं लोणी चवीला फार वरचं, पण त्यात ताक किती राहिलंय याचा भरवसा नसतो आणि ते लवकर मऊ पडतं. पहिल्या पायाला पाकिटातलं बटरच घ्या, मग प्रयोग करा.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, वजनानं तीन-दोन-एक: मैदा ३०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम. वर एक मोठा चमचा साखर. पिवळं खारं बटर असेल तर मीठ घालू नका, पांढरं बिनमिठाचं असेल तर अर्धा छोटा चमचा घाला.

कोल्हापुरात मे महिन्याच्या दुपारी ओट्याशी उभं राहिलं की बटर बघता बघता पाघळतं. म्हणून हे काम पहाटे सहाला, पंखा लावून. आदल्या रात्री बटर फ्रीजरमध्ये, मैदा आणि लाटणं फ्रीजमध्ये. ओट्यावर बर्फाची परात दहा मिनिटं ठेवून जागा गार करून घ्या. आत्तींनी ते बघून विचारलं, "आता ओट्याला ताप आला का?"

मैद्यावर गोठलेलं बटर मोठ्या भोकाच्या किसणीनं किसा. दर थोड्या वेळानं किसलेलं बटर मैद्यात घोळवा म्हणजे त्याचा गोळा होत नाही. हातानं चोळायचं नाही. बोटांच्या टोकांनी फक्त उचलून सोडायचं, पोहे परतल्यासारखं. पिठात बटराच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

आता बर्फाचं पाणी, एकेक चमचा, सगळीकडं शिंपडत. १०० ग्रॅम सगळं लागेलच असं नाही; ८० घालून थांबा. मूठभर पीठ घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे धरून ते तसंच बसलं, कडेला जरासं तडकलं, तर झालं. भुरभुर पडलं तर अजून एक चमचा पाणी. चपातीच्या कणकेसारखं मऊ, एकसंध दिसायला लागलं तर तुम्ही पुढं गेलात. मळायचं अजिबात नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, आणि मग पारी लाटताना मागं पळते, भाजताना आकसते.

हे ढेकळांसारखं पीठ प्लास्टिकच्या कागदावर ओतून कागदानंच दाबत दोन चपट्या थाप्या करा, एक थोडी मोठी. किमान एक तास फ्रीजमध्ये.

लाटणं, भरणं

भांड्यासाठी हटून बसू नका. २२ सेंटिमीटरचा, बाहेर झुकलेल्या कडांचा पाय टिन असला तर उत्तम. नसेल तर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पितळी घ्या. ॲल्युमिनियम चटकन तापतं, म्हणून बूड नीट भाजलं जातं. काचेचं भांडं दिसायला छान, पण सावकाश तापतं.

मोठी थापी बाहेर काढून पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर फुटते. मग मधून बाहेर, प्रत्येक वेळी थोडी फिरवत, तीन मिलिमीटर जाडीची आणि भांड्याच्या वर चार-पाच सेंटिमीटर येईल एवढी लाटा. बटराचे पिवळे डाग दिसतील, संगमरवरासारखे. ते दिसले की समजा पाय निम्मा जमला. लाटण्यावर गुंडाळून भांड्यात सोडा, ताणू नका, आपणहून कोपऱ्यात बसू द्या. भांडं परत फ्रीजमध्ये.

वरच्या झाकणाला मी जाळी करते. नुसत्या अखंड झाकणापेक्षा जाळीतून वाफ चांगली जाते, आणि आपली चेरी रसाळ. लहान थापी लाटून दोन सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कापा. सारण भरा, त्यावर पाच पट्ट्या उभ्या टाका. एकाआड एक उलटून आडवी पट्टी टाकायची, परत सरळ करायच्या, मग दुसऱ्या उलटायच्या. बाजल्याची वीण आठवा. मधेच पट्ट्या लोळायला लागल्या तर लाज न बाळगता सगळं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ढकला.

कडेला खालची पारी वर दुमडून मुरड घाला. इथं मात्र आत्तींनी मला बाजूला केलं. "सर, दे इकडं." त्यांच्या अंगठ्यानं अशी काही मुरड पडली की डबल आर डायनरची मालकीण नॉर्मा बघत राहिली असती. करंजीचा हात असलेल्या बाईनं हे काम कुणाला शिकवायला नको.

वरून पातळ केलेली साय ब्रशनं लावा (अंडं चालत असेल तर अंडं), थोडी साखर भुरभुरवा आणि पूर्ण पाय वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. तोवर ओटीजी तापू द्या.

भाजणं

ओटीजीत खालच्या कप्प्यात रिकामा ट्रे ठेवून २२० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं तापवा. पायाचं भांडं या तापलेल्या ट्रेवर ठेवायचं. त्यानं बुडाला पहिल्यापासून धग बसते, आणि उतू गेलेला रस ट्रेमध्ये पडतो, सळीवर नाही. सळीवर पडला तर साखर जळून घरभर धूर होतो. २२० वर वीस मिनिटं, मग १८० वर आणखी ४० ते ५० मिनिटं. वरची सळी जवळ असते म्हणून कडा लवकर काळवंडतात. रंग आला की कडेला फॉइलची पट्टी घाला.

घड्याळापेक्षा सारणाकडं बघा. फक्त कडेला नव्हे, *मधोमध*, जाळीच्या भोकांतून जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे आले पाहिजेत. पिठल्याला येतात तसे. पातळ, भरभर फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून दहा मिनिटं.

माझा तिसरा पाय वळवानं घालवला. चार वाजता जोतिबाच्या बाजूनं काळं आलं, गडगडलं, आणि पाय आत जाऊन बारा मिनिटं झालेली असताना लाईट गेली. बटर वितळलं होतं, पारी अजून धरली नव्हती. सगळं बसलं. अर्धा तास होऊन गेला असता तर दार न उघडता आतल्या धगीवर बरंच निभावलं असतं. म्हणून मे महिन्यात पाय सकाळीच भाजा. वळीव दुपारनंतरच येतो.

ओटीजी नसेल तर कढईत मीठ घालून भाजायच्या भानगडीत पडू नका. केक होतो तसा पाय होत नाही. वरून धग नाही म्हणून जाळी पांढरी राहते. त्यापेक्षा ओळखीच्या बेकरीत विचारा. पूर्वी आपण नानकटाईचे ट्रे भट्टीत भाजून आणायचोच की.

आणि आता थांबायचं

पाय बाहेर आला की घर वासानं भरतं आणि सगळे सुरी घेऊन उभे राहतात. कापू नका. किमान तीन तास, जमलं तर चार. गरम असताना सारण पातळच असतं. गार होताना ते धरतं. पहिला पाय मी वीस मिनिटांत कापला होता. पहिली फोड उचलली आणि बाकीच्या पायातून लाल रस वाहत वाहत ताटभर पसरला. धाकटे दीर ताटाकडं बघून म्हणाले, "वहिनी, तांबडा झकास झालाय. पांढरा कुठं हाय?"

तीन तासांनी धारदार सुरीनं कापा. पहिली फोड नीट निघत नाही, ती आपणच खायची. बरोबर कॉफी, कूपरसारखी काळी, बिनसाखरेची. गोड-आंबट सारणावर ती कडू कॉफी काय छान बसते! आमच्याकडं मी सोडून बाकी सगळे चहाच पितात.

उरलेला पाय फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पारी लोळागोळा होते. ओटीजीत १६० वर दहा मिनिटं ठेवा. आणि जाळी कापून उरलेल्या पिठाच्या कातरणी टाकू नका. न मळता एकावर एक ठेवून लाटा, साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरवून चौकोन कापा आणि पाय गार होईपर्यंत त्याच ओटीजीत पंधरा मिनिटं भाजा. आत्ती त्यालाच शंकरपाळी म्हणतात आणि पायाच्या आधी तीच संपतात.